भांडं फुटत नाही हीच पंचाईत

नाशिकच्या रविवार कारंजावरून भांडी बाजारात शिरलं की मला दरवेळी वाटतं, हे सगळं घेतं कोण? पातेलं, परात, झारा सगळ्यांच्या घरी आहेच, आणि साबण संपतो, मोबाईल दोन वर्षांत रडायला लागतो तसं यातलं काहीच होत नाही, उलट आपल्याला पुरून उरेल असा माल. लग्न नाहीतर धनत्रयोदशी, एरवी गिऱ्हाईक फिरकणार कशाला?

मग अशा धंद्यात सारखं नवीन काढत राहायलाच हवं का? मॅनेजमेंटवाले लगेच कोडॅक काढतात, की १९७५ साली त्यांच्याच इंजिनियरने डिजिटल कॅमेरा बनवला, कंपनीने फोटोचा रोल काही सोडला नाही आणि २०१२ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज. मान्य, पण तिथे रोलचं कामच संपलं. आमटी अजून पातेल्यातच होते हो.

पितळेला स्टीलने मागे टाकलं ते तरी कशावर? चमकेवर नाही. कल्हई नको, चिंच लावून घासणं नको, ताक रात्रभर राहिलं तरी कळकत नाही, बस्स. बाकी स्टील तसं मठ्ठच, उष्णता वाहून नेण्यात तांबं त्याच्या पंचवीसेक पट पुढे, म्हणून तर स्टीलच्या पातेल्याला खालून तांब्याचं बूड लावावं लागलं. म्हणजे घासणारीचा त्रास वाचवला तो माल चालला, आणि हे ठरवलं स्वयंपाकघराने, शोरूमने नाही. आता जे ठोके मारलेलं 'हॅमर्ड फिनिश' निघालंय ना, त्यात कोणाचा काय त्रास वाचला मला कळलेलं नाही, उलट त्या खळग्यांतला काळपटपणा काढताना बोटं दुखतात.

तांब्याची बाटली मात्र मला पटते. धातू तोच, पाणी तेच, फक्त आटेवालं झाकण आलं आणि देवघराशेजारचा तांब्या थेट ऑफिसच्या बॅगेत गेला. आतून लिंबू-मीठ लावून घासायचं काही चुकलेलं नाही, म्हणून महिन्या-दोन महिन्यांत बऱ्याच बाटल्या ओट्यावर शोभेला उभ्या असतात तो भाग वेगळा.

आणि या सगळ्यात गंगेवरचा, म्हणजे आमच्या गोदाकाठचा, तो गोदावरीचं पाणी भरून न्यायचा छोटा तांब्याचा गडू बघा, त्याला ना नवं मॉडेल ना जाहिरात. बाहेरगावचा माणूस रामकुंडावर येतो, पाणी भरतो, घरी नेतो, आणि घेणारा दरवेळी नवा असल्यामुळे भांडं फुटत नाही ही अडचणच तिथे येत नाही. २०१५ नंतरचा सिंहस्थ आलाच आहे आता, दुकानदारांनी रंगीत बाटल्या खुशाल मांडाव्यात, माझी पैज गडूवर.