तुम्ही विचारलंत म्हणून: १९७४ची फायनल सोडायला हवी होती का?

टेनिसचा विषय निघाला की कुणीतरी मला हे विचारतंच. दक्षिण आफ्रिकेशी खेळायचं नाही म्हणून आपण डेव्हिस कपची, म्हणजे देशादेशांतल्या सांघिक टेनिस स्पर्धेची, फायनल सोडली. खेळात राजकारण आणून हातातोंडाशी आलेला घास घालवला, असं नाही वाटत?

घास गेल्याचं वाईट वाटतं. विजेत्यांची यादी काढून बघा. बाकी प्रत्येक फायनलपुढे स्कोअर आहे. १९७४पुढे दक्षिण आफ्रिका विजेता, भारत उपविजेता आणि स्कोअरच्या जागी नुसतं ‘वॉकओव्हर’. एक सर्व्हिससुद्धा झाली नाही. त्या वर्षी आपण कोलकात्यात ऑस्ट्रेलियाला हरवलं होतं, पुण्यात सोव्हिएत संघाला. विजय अमृतराज वीस वर्षांचा होता, आदल्याच वर्षी विम्बल्डनच्या उपांत्यपूर्व फेरीत खेळलेला. पुन्हा फायनल गाठायला १९८७ उजाडलं, तेव्हा स्वीडनने ५-० असं धुतलं. कप आजही आलेला नाही.

पण ‘राजकारण आणलं’ हे मला मान्य नाही. ते आधीपासूनच कोर्टवर होतं. दक्षिण आफ्रिकेत कुणी कुठे राहायचं, कुठल्या बाकावर बसायचं, हे कातडी बघून कायदा ठरवायचा. संघही गोऱ्यांचाच. ज्या भारताने स्वातंत्र्याच्याही आधी, १९४६ साली, त्या देशाशी व्यापार तोडला, त्याने टेनिसपुरता अपवाद करायचा?

यावर लोक अमेरिकेचा कृष्णवर्णीय टेनिसपटू आर्थर ॲश याचं नाव घेतात. तरुणपणी मीही घ्यायचो. ॲश १९७३ साली जोहान्सबर्गला गेला, प्रेक्षकांत वर्णानुसार वेगळ्या जागा नकोत अशी अट घालून, आणि दुहेरीचं विजेतेपद घेऊन आला. मग आपण का नाही? तेव्हा मला हा मुद्दा बिनतोड वाटायचा. पण पुढे ॲश स्वतःच बहिष्काराच्या बाजूला आला. १९८५ साली वॉशिंग्टनमध्ये दक्षिण आफ्रिकेच्या वकिलातीबाहेर निदर्शनं करताना त्याला अटक झाली.

एक गोष्ट मात्र मला अजून टोचते. १९६८ साली मेक्सिको सिटीच्या ऑलिम्पिकमध्ये टॉमी स्मिथ आणि जॉन कार्लोस या अमेरिकेच्या कृष्णवर्णीय धावपटूंनी पदक घेताना काळे हातमोजे घालून मुठी उंचावल्या, त्यांची त्यांनी. त्यापायी संघातून हकालपट्टी झाली, तीही त्यांनी सोसली. आपल्याकडे मूठ दिल्लीने उगारली आणि किंमत मोजली पोरांनी. याला त्याग म्हणताना माझी जीभ अडखळते. स्वतःहून सोडणं वेगळं, सोडावं लागणं वेगळं.

वर्णभेद त्या एका वॉकओव्हरने संपला नाही. बहिष्कार संपून दक्षिण आफ्रिकेचा क्रिकेट संघ १० नोव्हेंबर १९९१ला कोलकात्याच्या ईडन गार्डन्सवर उतरला, तोवर सतरा वर्षं गेली होती. अशा न झालेल्या सामन्यांचा त्यात वाटा होता, असं मी ठामपणे मानतो. किती, ते कुणाला मोजून दाखवता येणार नाही.

तेव्हा पुन्हा तीच वेळ आली तर खेळा म्हणेन का? नाही. पण हे विशीतल्या विजयच्या तोंडावर सांगायला मला जमलं असतं, असंही वाटत नाही.