तुम्ही विचारलंत म्हणून: फुकट काम करणारी पोरं टिकतात कशी?

पगार नाही, सर्टिफिकेट नाही, मग पोरं काम करतात कशी आणि टिकतात कशी, हे मला सोलापुरात सारखं विचारतात, कॉलेजातले सर विचारतात आणि पोरांचे आईवडील तर जास्तच. देवनागरी मजकूर तपासणारं आमचं छोटं ओपन सोर्स सॉफ्टवेअर आहे, म्हणजे कोड सगळ्यांना खुला, आणि काम करणारे सगळे व्हॉलंटिअर. तर उत्तर असं की टिकत नाहीत. डिग्री झाली की पुणं नाहीतर बेंगळुरू, मग नवी नोकरी, लग्न, आणि त्यात चुकीचं काहीच नाही. मी बघतो ते एवढंच की पोरगं जायच्या आधी त्याचं काम दुसऱ्याला जमायला लागलंय का.

गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वज बघता ना, एवढी उंच जड काठी, पण पेलणारा दमायच्या आत दुसरा शेजारी तयार असतो आणि सराव कितीतरी आधीपासून चाललेला असतो. आमच्याकडं तसंच. नवीन आलेल्याला आधी बग, म्हणजे कुणी कळवलेली सॉफ्टवेअरमधली चूक, तपासायला देतो, खरंच तसं होतंय का, कुठल्या व्हर्जनला होतंय. मग दुसऱ्याचा कोड रिव्ह्यू करायचा, मग मर्जचा हक्क, म्हणजे बदल मुख्य कोडमध्ये घ्यायचा. रिलीज, म्हणजे नवं व्हर्जन बाहेर काढणं, मात्र कायम दोघांनी मिळूनच.

दोघं कशाला? एक्सझेडचं प्रकरण आठवा, मार्च २०२४. लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टीममध्ये जिकडंतिकडं असणारं कॉम्प्रेशनचं, म्हणजे फाइल लहान करायचं टूल, वर्षानुवर्षं मुख्यतः एकच माणूस फावल्या वेळात सांभाळत होता, तब्येत बरी नाही असं त्यानं लिहिलं तरी काम हळू चाललंय म्हणून त्याला टोचणं सुरूच, आणि मदतीला आलेल्या जिया टॅन नावाच्या खात्यानं दोनेक वर्षं नीट काम करून विश्वास मिळवला आणि मग रिलीजमध्ये बॅकडोअर, म्हणजे गुपचूप आत शिरायची चोरवाट, घातलं. लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतोय हे आंद्रेस फ्रॉइंड या इंजिनिअरनं शोधत नेलं म्हणून सापडलं, नाहीतर काय झालं असतं विचार करा. काहीजण म्हणतात, बघा, अनोळखी माणसाला हक्क देऊ नका. मला हे अजिबात पटत नाही. सगळेच सुरुवातीला अनोळखी असतात हो! थकलेल्या माणसाला इतकी वर्षं एकटं सोडलं, दुखणं तिथं आहे.

लीडरचंही तेच. पायथॉन ही प्रोग्रॅमिंगची भाषा ज्यांनी बनवली ते गिदो व्हान रॉसम २०१८ मध्ये बाजूला झाले, एका बदलावरच्या भांडणांनी वैतागून, आणि मग पाच जणांचं निवडून आलेलं मंडळ आलं, त्यात एका कंपनीचे दोनपेक्षा जास्त चालत नाहीत. डेबियन, लिनक्सवरचाच एक मोठा व्हॉलंटिअर प्रकल्प, तर दरवर्षी लीडर निवडतं. आम्ही एवढे मोठे नाही, पण परीक्षा संपल्या की प्रत्येकाला विचारतो, यंदा राहणार का थांबणार? थांबणाऱ्याला कारण विचारायचं नाही, हक्क काढायचे, नाव आभाराच्या यादीत कायम. हा प्रश्न मलाही विचारतात, आणि पुढच्या रिलीजच्या किल्ल्या दोन मुलींकडं आहेत, माझ्याकडं नाहीत.

यायचं असेल तर बग तपासायला या. कोड येत नसला तरी चालतंय, रफार कुठं तुटलाय ते ओळखणारा डोळा आत्ता जास्त हवाय.