सहा गुणांचं वाक्य

“चाचणीच्या साहित्याची उपलब्धता तपासून घ्यावी.” सर्पदंशावरच्या एका गाइडलाइनमधलं हे वाक्य. या एका ओळीच्या जोरावर मी त्या गाइडलाइनला तपासणीच्या अठराव्या प्रश्नात ७ पैकी ६ गुण देऊन टाकले होते. ते सहा गुण अजून डोक्यातून जात नाहीत.

मी मराठवाड्यातल्या एका मेडिकल कॉलेजात पीएसएम, म्हणजे रोगप्रतिबंधक आणि सामाजिक वैद्यकशास्त्र, शिकवते. गाइडलाइन तपासायला आम्ही अ‍ॅग्री-टू वापरतो. २०१० सालचं साधन, ६ विभाग, २३ प्रश्न, प्रत्येकाला १ ते ७ गुण. लोकांना वाटतं, उपचार बरोबर की चूक ते आम्ही ठरवतो. आम्ही बघतो ती शिफारस कशी तयार झाली ते. पुरावा कुठे शोधला, कुठला अभ्यास का वगळला, समितीत कोण बसलं होतं, पैसा कुणाचा होता. पुराव्याच्या कसोटीचे ८ प्रश्न मी जीव लावून तपासते. शोध कुठल्या तारखेपर्यंत घेतला हे लिहिलं नसेल तर गुण कापतेच, समितीत कितीही मोठी नावं असोत. आणि दरवेळी वरून मागणी येते, सहाही विभागांचा मिळून एकच आकडा द्या. साधनाच्या पुस्तिकेतच तसं करू नका असं सांगितलंय, पण ती उघडतो कोण?

यावेळी तपासणारे आम्ही चौघं होतो. मी, फार्माकॉलॉजीचे सर, मेडिसिनचा रेसिडेंट आणि धाराशिव जिल्ह्यातल्या एका ग्रामीण रुग्णालयाचे एमओ, म्हणजे मेडिकल ऑफिसर. पाचवा विभाग प्रत्यक्ष वापराचा, ४ प्रश्नांचा; अठरावा त्यातलाच. मी २८ पैकी २२ दिले, सरांनी २३, रेसिडेंटने २१. एमओंनी चारही प्रश्नांना दोन-दोन, म्हणजे ८. टक्के काढताना किमान गुण आधी वजा होतात; त्या हिशोबाने आमच्या तिघांचेच गुण धरले तर त्या विभागाला ७५ टक्के पडत होते, त्यांचे मिळवले की ६०. “त्यांना प्रश्नच कळलेला नाही,” सर म्हणाले, “गाइडलाइन तपासायची होती, त्यांनी स्वतःचं हॉस्पिटल तपासलंय.” मलाही ते पटलं. एमओंना फोन केला, तर ते एवढंच म्हणाले, “मॅडम, एकदा येऊन बघा.”

ऑक्टोबरात गेले. सोयाबीनची काढणी जोरात होती. दुपारी चारच्या सुमारास पन्नाशीच्या एक मावशी आल्या. सोयाबीनचा ढीग उचलताना हाताला साप चावलेला. मुलाने मोबाइलवर फोटो काढला होता, त्यात नुसता पाला दिसत होता. हात थोडा सुजलेला, रक्त कुठूनच येत नव्हतं. अशा पेशंटचा सगळा निर्णय एका साध्या चाचणीवर असतो. २ मिली ताजं रक्त कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत घ्यायचं, २० मिनिटं अजिबात हलवायचं नाही, मग नळी तिरकी करायची. गुठळी झाली तर थांबून लक्ष ठेवायचं. पातळच राहिलं तर घोणस किंवा फुरशाचं विष भिनलंय असं धरून एएसव्ही, म्हणजे सर्पविषावरचं इंजेक्शन, द्यायचं. पण नळी काचेचीच हवी. काचेला लागलं की रक्ताची गोठण्याची साखळी सुरू होते. प्लास्टिकमध्ये धडधाकट माणसाचं रक्तही २० मिनिटांत गोठेल याची खात्री नाही. काच साबणाने धुतलेली असली तरी तोच घोटाळा.

ट्रेमध्ये सगळ्या नळ्या प्लास्टिकच्या. “काचेच्या कवाच बंद झाल्या मॅडम,” सिस्टर म्हणाल्या, “आता समदं प्लास्टिकच येऊलालंय.” एमओंनी कपाटाचं कुलूप काढून एक डबा आणला. आत छोट्या काचेच्या बाटल्या, लातूरहून स्वतःच्या पैशाने आणलेल्या. मावशींचं रक्त त्यांनी एका प्लास्टिकच्या नळीत आणि एका काचेच्या बाटलीत घेतलं. मुलाचंही तसंच घेतलं, ताडून बघायला. २० मिनिटांनी प्लास्टिकमधलं दोघांचंही रक्त पातळ! ज्याला साप चावलाच नाही त्या पोराचंसुद्धा. काचेच्या बाटल्या उलट्या केल्या, तर दोन्ही गुठळ्या बुडाला घट्ट धरून बसलेल्या. डबा नसता तर मावशींना त्या क्षणी १० व्हायल एएसव्ही विनाकारण चढलं असतं. ते घोड्याच्या रक्तातून बनतं. त्याच्या रिअ‍ॅक्शनमध्ये बीपी कोसळून धाप लागलेला पेशंट मी इंटर्नशिपमध्ये पाहिलाय.

पण साप चावल्यावर विष चढायला वेळही लागू शकतो. म्हणून पुन्हा पुन्हा तपासायचं, आणि दरवेळी नवी बाटली. रात्री नवाच्या सुमारास एमओंनी बाटली तिरकी केली आणि रक्त पाण्यासारखं तोंडापर्यंत वाहत आलं. रिअ‍ॅक्शन आलीच तर म्हणून अ‍ॅड्रेनॅलिन सिरिंजमध्ये भरून उशाशी ठेवलं आणि एएसव्ही सुरू केलं. ६ तासांनी, पहाटे, पुन्हा गुठळी दिसली. डब्यात दोन बाटल्या उरल्या होत्या.

परतीच्या एसटीत मी ती गाइडलाइन पुन्हा काढली. समितीच्या यादीत दिल्ली-मुंबईचे प्राध्यापक होते, ग्रामीण रुग्णालयातलं कुणीही नव्हतं. मला डॉ. हिंमतराव बावस्कर आठवले. आमच्याच जालना जिल्ह्यातल्या देहेडचे. विंचूदंशावर प्राझोसिनचा उपयोग त्यांनी रायगडच्या खेड्यापाड्यांतले पेशंट बघत बघत सिद्ध केला. असा एक जरी माणूस समितीत असता, तर ‘काच नसेल तर काय’ हा प्रश्न पहिल्याच बैठकीत निघाला असता.

कॉलेजात येऊन मी माझे २२ चे १३ केले. विभाग ५१ टक्क्यांवर आला. सरांनी गुण बदलले नाहीत. नळ्या मिळत नाहीत हा खरेदीचा दोष, तो लिहिणाऱ्यांच्या माथी कशाला, असं त्यांचं म्हणणं. त्यात तथ्य आहे, म्हणूनच मला उत्तर देता येत नाही. पण अठरावा प्रश्न अमलात आणतानाच्या अडचणींचाच आहे, आणि अडचण कुठली ते त्या वाक्यात कुठेच नाही. “तपासून घ्यावी” म्हणे. तपासून काय करायचं?

निघताना मी एमओंना विचारलं होतं, मग अठराव्याला २ तरी का दिलेत, १ का नाही.

“मॅडम,” ते म्हणाले, “नळी ‘काचेची’ हवी एवढं तरी त्यांनी लिहिलंय ना. एक गुण त्याचा.”