केशरातला रावस: हळद बाजूला ठेवून केलेलं कालवण

केशर दुधात भिजवतात आणि माशाला दूध लागू देत नाहीत. आमच्या घरात या दोन्ही गोष्टी इतक्या पक्क्या आहेत, की केशर घालून मासे करायचं ठरलं तेव्हा पहिला प्रश्न चवीचा नव्हता, केशर भिजवायचं कशात हा होता.

हे ठरलं अण्णांमुळे, म्हणजे माझ्या सासऱ्यांमुळे. ते मूळचे रत्नागिरीचे. नोकरीनिमित्त पुण्यात आले आणि इथेच राहिले, पण तिथल्या मिरकरवाडा बंदरातल्या ताज्या माशांची सवय जिभेवरून गेली नाही. पोटाच्या दुखण्यानंतर डॉक्टरांनी त्यांना तिखट, आंबट आणि तळलेलं काही महिने बंद करायला सांगितलं. मासे खायला हरकत नाही, असंही सांगितलं. आता कोकणातल्या माणसाच्या कालवणातून मिरची काढली, आमसूल काढलं आणि तळलेली तुकडीही काढून घेतली, तर ताटात उरतं काय? हळद-मिठात उकडलेला मासा. तो त्यांनी काही दिवस मुकाट्याने खाल्ला. मग एका दुपारी म्हणाले, "सूनबाई, मासा आहे हे डोळ्यांना कळतंय, जिभेला नाही." ते वाक्य मला लागलं. पथ्य म्हणजे मिळमिळीत जेवण असं कोणी ठरवलं?

तिखट नाही, आंबट नाही, तरी पानावर बसल्याबरोबर वास यावा, असं काय घालता येईल, याचा विचार करताना केशर आठवलं. आपल्याकडे ते श्रीखंड, मसाले दूध, केशरी भात यांत बसलं आहे, त्यामुळे ते गोडाचंच असा समज झाला आहे. पण फ्रान्समधल्या मार्सेय बंदरातलं बुइयाबेस हे माशांचं सार केशराशिवाय होत नाही. स्पेनच्या व्हॅलेन्सियाकडचा पाएया हा भातही केशराचाच. लांब कशाला, बिर्याणीतलं केशर मीठ-मसाल्यासोबतच असतं. सासूबाई म्हणाल्या, "अगं, माशात गोड वास येईल." मी त्यांना एक काडी जिभेवर ठेवून चघळायला दिली. केशर कडू असतं. त्याच्या वासात मध आणि सुकं गवत आहे, पण चवीत गोडवा अजिबात नाही. गोडवा आपण घातलेल्या साखरेचा. आईंनी काडी चघळली, तोंड वाकडं केलं आणि म्हणाल्या, "बरं, कर मग."

दुधाच्या प्रश्नावर मी वाद घातला नाही. चरकसंहितेत मासे आणि दूध हा विरुद्ध आहार सांगितला आहे आणि आमच्या दोन्ही घरांत तो पाळतात. दूध-मासे एकत्र खाल्ल्याने कोड येतं या समजुतीला आधुनिक वैद्यकात पुरावा नाही, युरोपात मासे दुधात शिजवतातही. पण आजारातून उठलेल्या माणसाने ताटावर शंका घेत जेवावं, यात काय शहाणपण? शिवाय केशराला दूध लागतच नाही. केशराचा रंग क्रोसिन नावाच्या द्रव्याचा असतो आणि ते पाण्यात विरघळतं. कोमट पाणी पुरतं. हळदीचं नेमकं उलटं, तिचा रंग तेलात उतरतो. हे एकदा नीट कळलं की स्वयंपाकाचे निम्मे निर्णय आपोआप होतात: केशर फोडणीत घालायचं नाही, तळायच्या माशाला लावायचं नाही, रश्शात घालायचं.

केशर आणायला रविवार पेठेत गेले. सुकामेव्याच्या दुकानात दोन प्रकार समोर ठेवले. मोगरा म्हणजे फक्त लाल टोकं, लच्छा म्हणजे लाल टोकाला मागचा पिवळा देठ तसाच राखलेला. रंग आणि वास सगळा लाल भागात असतो, म्हणून मोगरा घेतला. काश्मीरच्या केशराला 2020 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे, ते डबीवर आहे का तेही पाहिलं. मी एकच ग्रॅम घेतलं, कारण उघडलेली डबी महिनोन् महिने पडून राहिली की वास उडतो.

घरी आल्यावर आधी पारख केली. पांढऱ्या वाटीत गार पाणी घेऊन त्यात दोन काड्या टाकल्या. खऱ्या केशराचा रंग सावकाश उतरतो, पाणी सोनेरी पिवळं होतं आणि काडी बराच वेळ लालच राहते. रंगवलेल्या काडीभोवती पाणी लगेच लालभडक होतं आणि काडी फिकी पडते. भेसळीला करडईच्या पाकळ्या वापरतात, मक्याच्या कणसाचे केसही रंगवून घालतात. खरी काडी एका टोकाला कर्ण्यासारखी रुंद होत जाते, भिजल्यावर ते स्पष्ट दिसतं. आमचं केशर यात उतरलं.

इतकं महाग केशर माशात घालायचं का, हा प्रश्न घरात आलाच. एक किलो केशराला साधारण दीड लाख फुलं लागतात. प्रत्येक फुलात तीन काड्या, म्हणजे एका ग्रॅमला साडेचारशेच्या आसपास. मी चौघांच्या कालवणाला तीस काड्या वापरल्या, म्हणजे दहा फुलं. पैशांत मोजलं तर त्या दिवशीच्या रावसाच्या मानाने केशराचा खर्च किरकोळ. पण दहा फुलं असा हिशेब केल्यापासून मी एकही काडी सांडू देत नाही. काश्मीरमधल्या पांपोरच्या शेतांत ऑक्टोबरअखेरीपासून नोव्हेंबरपर्यंत पहाटे ही फुलं हाताने खुडतात आणि घरी बसून एकेक काडी वेगळी करतात. यंत्राने हे काम होत नाही.

मासा कुठला घ्यायचा यावर जास्त विचार करावा लागला. तुळशीचं लग्न झालं होतं, हवा गार होती, बाजारात आवक चांगली होती. जून-जुलैच्या बंदीच्या दिवसांत हा घाट घातलाच नसता. पुण्याला समुद्र नाही. मासा बर्फातून रातोरात येतो, म्हणून सकाळी लवकर गणेश पेठेतला मासळी बाजार गाठला. बांगडा मला जिवापाड आवडतो, पण तो तेलकट आणि उग्र, केशराला बोलू देणार नाही. पापलेट नाजूक, पण त्याच्या काट्यांतून दाट सार निघत नाही. सुरमई चालली असती. शेवटी रावस घेतला: पांढरं, घट्ट मांस, सौम्य चव, मोठे काटे जे अण्णांना सहज काढता येतात.

ओळखीच्या मावशींनी नेहमीप्रमाणे विचारलं, "ताई, तळायला देऊ का कालवणाला?" मी म्हटलं, कालवणाला, पण तुकड्या इंचभर जाड पाहिजेत, आणि डोकं, मधला काटा वेगळा बांधून द्या. कल्ले उचलून लाल आहेत हे बघितलं, मग मावशींना ते काढून टाकायला सांगितले. कल्ले राहिले तर सार कडवट होतं. माझ्या मते या सगळ्या पाककृतीतली सर्वांत मोलाची सूचना हीच आहे.

घरी तुकड्यांना फक्त मीठ लावून ठेवलं. हात सवयीने हळदीच्या डब्याकडे जात होता. आपल्याकडे हळद न लावलेला मासा अपुरा वाटतो, आणि आईंनी तर दोनदा विचारलं, "हळद नाही?" पण हळद घातली की पिवळा रंग तिचा होतो आणि तिच्या मातकट वासाखाली केशर दिसेनासं होतं. दोन्ही घालायचं असेल तर केशर घालूच नये. लसूणही दोनच पाकळ्या, ठेचून. धणे-जिरे नाही, गरम मसाला नाही, तिरफळ नाही. तिरफळाशिवाय रत्नागिरीच्या माणसाला कालवण वाढणं मला सोपं नव्हतं, पण तिरफळ एकदा घातलं की दुसऱ्या कुणाचं ऐकू येत नाही.

डोकं आणि काटे धुऊन पातेल्यात घातले. वर लिटरभर गार पाणी, एक कांदा चिरून, चमचाभर बडीशेप, तमालपत्र आणि संत्र्याच्या सालीची बोटभर पट्टी, आतला पांढरा भाग खरवडून टाकलेली. बडीशेप आणि संत्र्याची साल ही मार्सेयकडची जोडी आहे. तिथे सारात बडीशेपेचाच भाऊबंद असलेला फेनेलचा कांदा आणि वाळवलेली साल घालतात. आमच्यासाठी सालीचा उपयोग दुहेरी होता. आंबट चालत नव्हतं, पण सालीत आंबटपणा नसतो, नुसता सुवास असतो. बाजारात नागपुरी संत्री नुकती यायला लागली होती.

पाणी उकळू दिलं नाही, कडेने बुडबुडे येतील एवढ्याच आचेवर ठेवलं. वर येणारा फेस काढत राहिले. वीस मिनिटांनी गाळून घेतलं. मटणाच्या हाडांना तासन् तास लागतात, माशाच्या काट्यांना नाही. जास्त वेळ ठेवलं तर सार गढूळ आणि कडू होतं.

तोवर केशराचं काम. तापवून गॅस बंद केलेल्या तव्यावर, कागदाच्या घडीत, काड्या क्षणभर ठेवल्या, म्हणजे कुरकुरीत होतात. मग छोट्या खलबत्त्यात चिमूटभर मिठाबरोबर कुटल्या. मिठाचे कण खरखरीत असल्याने पूड चांगली होते. गोडाच्या पदार्थात हेच काम साखर करते. त्यावर अर्धी वाटी गरम पाणी घातलं. उकळतं नाही, बोट क्षणभर बुडवता येईल इतपत. झाकून अर्धा तास ठेवलं. झाकण महत्त्वाचं, कारण केशराचा वास ज्या सॅफ्रनालमुळे येतो ते उडून जाणारं आहे. ताज्या फुलातल्या काडीला हा वास जवळजवळ नसतोच, तो काड्या वाळवताना तयार होतो. अर्ध्या तासाने झाकण काढलं तेव्हा आई दुसऱ्या खोलीतून आल्या आणि म्हणाल्या, "कोजागिरी आहे का आज?"

कांदा बारीक चिरून सूर्यफुलाच्या तेलात मंद आचेवर परतला, लाल होऊ न देता. लसूण, मग बटाट्याच्या पातळ चकत्या, मग गाळलेलं सार. बटाटा शिजत आला की दोन-तीन चकत्या डावेनेच मोडल्या, त्याने रस्सा मिळून आला. नारळाचं दूध घालायचं का, यावर घरात दोन मतं होती. म्हणून दोन वाट्यांत थोडा थोडा रस्सा काढला, दोन्हींत केशराचं पाणी घातलं आणि एकीत नारळाचं पातळ दूध. नारळाच्या वाटीतला रंग सायीसारखा फिकट झाला आणि वास मागे सरला. आईंना तीच वाटी आवडली. अण्णांनी दोन्ही चाखून बिननारळाची पुढे ओढली. पथ्य त्यांचं, म्हणून निर्णयही त्यांचा.

निम्मं केशराचं पाणी बटाट्याबरोबर रश्शात घातलं, म्हणजे रंग आत मुरतो. चकत्या कडेने पिवळ्या होत आतपर्यंत गेल्या. मग मीठ लावलेल्या तुकड्यांना सुटलेलं पाणी ओतून टाकलं आणि त्या रश्शात सोडल्या, एकावर एक येऊ न देता, आणि झाकण ठेवलं. इंचभर जाडीला मंद आचेवर सहा-सात मिनिटं पुरतात. चमचा घालायचा नाही, पातेलं धरून हलवायचं. मांस पारदर्शक राहिलं नाही आणि सुरीच्या टोकाने पदर सुटे झाले की गॅस बंद. उरलेलं केशराचं पाणी आता, गॅस बंद केल्यावर घातलं आणि पाच मिनिटं झाकून ठेवलं. आधीचं पाणी रंगासाठी, हे वासासाठी.

भात कोलमचा केला. आमच्याकडे एरवी मावळातला इंद्रायणी असतो, पण त्याला स्वतःचा वास आहे आणि मला ताटात एकच सुवास हवा होता. बाकीच्यांसाठी लिंबाच्या फोडी आणि भाजलेली हिरवी मिरची बाजूला ठेवली. माझ्या नवऱ्याने लिंबू पिळलं आणि त्याला ते आवडलं. मी न पिळताच खाल्लं.

अण्णांनी पहिला घास घेतला आणि काही बोलले नाहीत. दुसऱ्यांदा भात मागितला. आजारपणानंतर त्यांनी पहिल्यांदाच मागून घेतला होता. मग तुकडीचा काटा काढता काढता म्हणाले, "हे आपलं कालवण नाही. पण हे आजाऱ्याचं जेवणही नाही." मला एवढंच हवं होतं.

त्यानंतर हे कालवण आमच्याकडे होत राहिलं आणि त्यात थोडे बदल झाले. संत्री नसतील तेव्हा साल वगळते, लिंबाची साल घालत नाही, तिचा कडवटपणा वर येतो. सार जास्त करून बर्फाच्या डब्यात ठेवते. केशराचं पाणी मात्र दरवेळी नवीन. उरलेलं कालवण दुसऱ्या दिवशी आपल्या नेहमीच्या कालवणासारखं मुरून वाढत नाही, रंग राहतो पण वास जातो, त्यामुळे बेताचंच करते. मुलासाठी तव्यावरची तुकडी करायची असेल तर मासा आधी नुसत्या मिठावर भाजून घेते आणि उतरवताना वरून चमचाभर केशराचं पाणी सोडते. तांदळाच्या पिठीत घोळवून तळलेल्या तुकडीत केशर घालण्यात अर्थ नाही, तिला लाल तिखटच हवं. अण्णांचं पथ्य आता सैल झालं आहे. आठवड्याला एकदा तिरफळ घातलेलं तांबडं कालवण होतं, आणि रावस चांगला मिळाला की ते स्वतःच बाजारातून फोन करून विचारतात, "काटा वेगळा बांधून घेऊ ना?"