तुला हे छान जमतं

मंगळवार, रात्र

आईचं वर्षश्राद्ध नीट पार पडलं. दादा संध्याकाळच्या गाडीने गेला. रिक्षात बसता बसता माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "तुला हे सगळं छान जमतं बघ. मला नसतं जमलं."

बास, एवढंच. शिवाय ते कौतुकाने म्हटलेलं. तरी साडेअकरा वाजून गेलेत आणि मी इथे वही उघडून बसलोय.

जमतं म्हणजे काय? पोहायला जमतं, पेटी वाजवायला जमते. गुरुजी ठरवणं, सोसायटीत पाण्यासाठी भांडणं, आईच्या शेवटच्या महिन्यातल्या त्या रात्री, हे जमण्यातलं असतं का? कुणीतरी करायचं असतं, म्हणून होतं.

जाऊ दे.

जात नाहीये. त्यात गेले तीन आठवडे झोपताना रिशेल्यू वाचतोय, त्याचंही निमित्त झालं असेल. फ्रान्सचा तो लाल झग्यातला कार्डिनल, तेराव्या लुईचा सर्वेसर्वा मंत्री. मला त्याचं राजकारण वाचायचं होतं. अडकलोय मात्र त्याच्या घरात. वडील 1590 मध्ये गेले तेव्हा हा पाच वर्षांचाही नव्हता. मागे कर्ज. मोठ्या मानाच्या पदकाची साखळी गहाण टाकून वडिलांचे अंत्यसंस्कार केले, असं सांगतात. ल्यूसाँ नावाच्या आडगावाचं बिशपपद राजाने या घराला दिलेलं. आपल्याकडच्या वतनासारखंच, घरातला कुणी ना कुणी तिथे बसवायचा आणि उत्पन्न चालू ठेवायचं. ते ठरलं होतं मधल्या भावाचं, आल्फाँसचं. धाकटा आर्मां, म्हणजे हाच रिशेल्यू, घोडेस्वारी, तलवारबाजी शिकत होता, त्याला सैन्यात जायचं होतं.

आणि आल्फाँसने सांगितलं, मला बिशप व्हायचं नाही, मी मठात जातो. साधासुधा मठ नव्हे, कार्थुशियनांचा. मौन, एकांत, डोंगर.

झालं. तलवार ठेव, धर्मशास्त्र उचल. 1607 च्या एप्रिलमध्ये रोममध्ये त्याला बिशपपदाची दीक्षा मिळाली तेव्हा तो एकवीस वर्षांचा होता. वय नियमात बसत नव्हतं, म्हणून पोपची खास सवलत घ्यावी लागली.

मी बाबांच्या जागेवर लागलो तेव्हा तेवीसचा होतो. अनुकंपा तत्त्वावर. खरं तर ती जागा आधी दादाची होती.

टेबलही बाबांचंच मिळालं. खणात त्यांची पाचकाची डबी होती. मी ती किती तरी महिने तिथेच ठेवली, गोळ्या विरघळून एकमेकींना चिकटल्या तरी. भूगर्भशास्त्राचा प्रवेश... तो विषय नको. माळ्यावर खोक्यात स्टिल्बाइट खनिजाचे दोन-चार तुकडे आहेत अजून, विहिरीच्या खोदकामावरून उचललेले. हिने मागच्या दिवाळीत विचारलं होतं, हे दगड टाकायचे का. मी म्हटलं, राहू दे.

ल्यूसाँहून रिशेल्यूने पॅरिसच्या एका ओळखीच्या बाईंना पत्रं लिहिली आहेत, ती वाचताना मला मोठ्याने हसू आलं होतं. घरात धूर इतका कोंडतो की विस्तव पेटवायची सोय नाही. फिरायला बाग नाही, वाट नाही, घर म्हणजे तुरुंग. फ्रान्समधलं सगळ्यात चिखलाचं बिशपपद माझ्या वाट्याला आलंय. इथे आम्ही सगळे भिकारी आणि त्यात पहिला मी. पुढे अख्खं युरोप ज्याला वचकून असायचं, तो माणूस चोविशीत चुलीच्या धुराची तक्रार करतोय! दादाबद्दल मी असं एक तरी पत्र लिहायला हवं होतं. कुणाला लिहिणार, हाच प्रश्न होता.

आज दुपारी पान वाढताना दादा किती शांत दिसत होता. चेहऱ्यावर एक रेघ नाही. माझ्याहून पाच वर्षांनी मोठा, आणि मावशी म्हणाली, "धाकटा कोण ते ओळखू येत नाही हो." सगळे हसले. मीही.

आता खरं लिहितो, इथे कोण बघतंय. दादाने थाप मारली असती तर मी आतापर्यंत घोरत असतो. पण जमतं मला. त्या ऑफिसात पहिली दोन वर्षं सोडली तर वाईट गेलं नाही. अडकलेली फाईल हलवायला मजा येते. पाण्याच्या भांडणात तर मला चक्क चेव चढतो. रिशेल्यूही त्या चिखलात नुसता कुढत बसला नाही, गावोगाव फिरला, पाद्र्यांना शिस्त लावली, कामाचा बिशप निघाला. आणि बेचाळिसाव्या वर्षी ला रोशेलच्या वेढ्यात हा धर्मगुरू चिलखत चढवून समुद्रात घातलेल्या दीड किलोमीटरच्या बांधावर उभा. तलवार हुकली म्हणता म्हणता अख्खं सैन्य हाताखाली. (आत शहरात माणसं हजारोंनी उपाशी मेली. त्याचं कौतुक करताना हे पान पटकन उलटलं जातं, माझ्याकडूनही.) डोकेदुखी मात्र जन्मभर पुरली. ती माझ्याकडेही आहे.

म्हणजे मला दुःख कशाचं आहे? गेलेल्या गोष्टीचं, की ती गेल्याचं आता फारसं वाटत नाही याचं?

पण मला खरी मजा वाटते ती पुढच्या भागाची. वीसेक वर्षांनी, 1626 मध्ये, मंत्री झालेल्या धाकट्याने आल्फाँसला मठातून बाहेर ओढून काढलं. आधी एक्सचा आर्चबिशप केलं, मग लिआँचा, 1629 मध्ये तर कार्डिनल. ये म्हणावं, बस आता तूही! आल्फाँस म्हणे नंतर हळहळायचा, मठातला साधा भाऊ म्हणून मेलो असतो तर बरं झालं असतं. धाकटा 1642 मध्ये गेला, हा पुढे दहा वर्षं जगला, आणि जाताना सांगून गेला की मला गरिबांमध्ये पुरा.

धाकट्याने हे घराण्याच्या बळासाठी केलं असं पुस्तकात आहे. असेल. मला त्यात थोडा सूडही दिसतो, आणि थोडी आठवणही.

आत्ता टेबल आवरताना दिसलं, हक्कसोडपत्राचा मसुदा तसाच पडलाय. "मला काही नको रे, सगळं तुझंच" असं दादा दोनदा म्हणाला. वाचलाही नाही. बरं, स्पीड पोस्टाने भागत नाही, दुय्यम निबंधकासमोर स्वतः उभं राहावं लागतं. फोटो, अंगठा, दोन साक्षीदार. सर्व्हर डाऊन असेल तर दुसऱ्या दिवशी परत.

दादाच्या आश्रमाच्या ऑफिसात फोन सकाळी नऊला उचलतात. उद्या लावतो.