टाकीतले किडे: कोणते ठेवायचे, कोणते काढायचे

शनिवार, रात्री उशिरा

दिवे मालवले की माझ्या खाऱ्या पाण्याच्या, मासे नि प्रवाळांच्या टाकीतली खरी वस्ती बाहेर पडते. टॉर्चवर लाल कागद चढवून बघत बसलो, कारण लाल उजेड या मंडळींना फारसा जाणवत नाही. कपारीतून ब्रिसल वर्म निघाला: गुलाबीसर, दोन्ही बाजूंना पांढऱ्या केसांचे झुबके. मागे आईला व्हिडिओ कॉलवर दाखवला तर म्हणाली, "अरे, गोम आहे ती! मीठ टाक तिच्यावर." आई, ती राहतेच मिठाच्या पाण्यात गं.

याला मी हात लावत नाही, अगदी शब्दशः. केस कातडीत रुततात आणि आग आग होते. मग चिकटपट्टी लावून उपटत बसा. शिवाय उरलंसुरलं खाणं, मेलेला मासा, सगळं तोच फस्त करतो. हे फार झाले तर समजायचं की खाणं जास्त पडतंय. चिमट्याने ओढताना तुकडे झाले तर तुकड्यांतूनही नवे तयार होतात, म्हणजे आणखीच पंचाईत.

भ्यायचं ते युनिस नावाच्या समुद्री किड्याला. डोक्यावर पाच मिशा, अंगाला इंद्रधनुषी झाक. 2009 मध्ये इथे इंग्लंडातच, न्यूक्वेच्या ब्लू रीफ मत्स्यालयात प्रवाळ तुटत होते, मासे जखमी होत होते. खडक एकेक करून उचलले तेव्हा सुमारे चार फुटांचा युनिस सापडला. त्याचं नाव ठेवलं बॅरी! हे मात्र इंग्रजांनाच सुचावं.

माझी डोकेदुखी त्या मानाने चिमुकली आहे. गंजाच्या रंगाचे, काही मिलिमीटरचे लाल फ्लॅटवर्म (म्हणजे चपट्या कृमी), शेपटाकडे तीन टोकं. शास्त्रज्ञ आता यांना खऱ्या चपट्या कृमींत धरत नाहीत, पण दुकानात तेच नाव चालतं. ते प्रवाळ खात नाहीत. त्यांच्या अंगातल्या शेवाळाला उजेड लागतो, म्हणून प्रवाळावरच पथारी पसरतात आणि खालच्याला उजेड मिळू देत नाहीत. अंगालाच कोंब फुटून नवे होतात, त्यामुळे बघता बघता खडक लाल होतो.

औषधाची बाटली आणलीय, पण ती आज उघडणार नाही. एकदम हजारो मेले की त्यांच्या अंगातलं विष पाण्यात उतरतं आणि मासे जातात. किड्यांपेक्षा मला त्याचीच धास्ती. म्हणून आधी ओढून काढणं. दुपारी दिवे प्रखर असताना ते वर येतात, तेव्हा बारीक नळीने शोषून बादलीत घेतले. नळीच्या बादलीकडच्या टोकाला जुना मोजा, म्हणजे किडे अडकतात आणि पाणी परत वापरता येतं.

दुकानदार सिक्स-लाइन रॅस नावाचा मासा घ्या म्हणतो. तो यांना खातो कधी कधी, सगळेच रॅस खातात असं नाही. वर छोट्या टाकीत हा मासा दादागिरी करतो; माझ्या लाजाळू गोबी माशाचं काय होईल? नकोच.

रविवारी पुन्हा नळी. अगदी थोडे उरले की औषध, आणि त्याच दिवशी विष शोषून घ्यायला ताजा कार्बन नि बदलायला खारं पाणी तयार. ते पाणी आदल्या रात्रीच कालवून ठेवायचं, 35 क्षारतेचं (हजार भागांत 35 भाग क्षार), टाकीइतकंच कोमट.