राग आत की बाहेर

आज दिवसभर डोक्यात फ्रॉइड, म्हणजे मनातल्या दडलेल्या गोष्टी उकरणाऱ्या सायकोअ‍ॅनालिसिसचा जनक. १९१७ च्या त्याच्या शोक आणि विषादावरच्या निबंधात तो म्हणतो की डिप्रेशनमधला माणूस स्वतःला जे बोल लावतो ना, ते खरं तर दुसऱ्याच कुणाला तरी लावायचे असतात, गमावलेल्या माणसावरचा राग आत वळतो आणि मग आपणच आपल्याला खात बसतो. वाचताना पटत जातं, लिहितोच तसा तो. पण माझ्या डिझर्टेशनचे गाइड सर पहिलाच प्रश्न टाकणार, हे मोजणार कसं?

तर आरन बेक, अमेरिकेतला मानसोपचारतज्ज्ञ. हा स्वतः सायकोअ‍ॅनालिसिस शिकलेला, फ्रॉइडच्या बाजूने पुरावा काढायलाच निघाला होता. फिलाडेल्फियात डिप्रेशनच्या पेशंटची स्वप्नं गोळा केली, राग दाबलाय तर स्वप्नात तरी बाहेर येईलच की. पण रागाऐवजी निघालं काय, तर हरणं, नाकारलं जाणं, काहीतरी हरवणं. मग म्हणे, यांना दुःख भोगायची गरजच असेल. तेही तपासलं, पेशंटना कार्डं लावायचं काम दिलं आणि त्यात यश मिळू दिलं, तर मूड सुधारला! दुःखाची एवढी हौस असती तर यश बोचलं नसतं का? मला हा माणूस इथेच आवडला, आपल्याच गुरूच्या थिअरीला असं कोण धरतं.

दुसरं, वाइसमन आणि पेकेल या संशोधकांचं १९७४ चं, अमेरिकेतल्या न्यू हेवनमधलं काम. डिप्रेशनमधल्या बायका इंटरव्ह्यू घेणाऱ्यासमोर गरीब गाय, आणि घरी नवऱ्यावर पोरांवर, विशेष करून पोरांवर, भडका. म्हणजे राग नुसता आत वळलेला नाही, बाहेरही आहे, फक्त डॉक्टरला दिसत नाही.

हे वाचलं आणि आत्याच आठवली. अशोक चौकाकडे राहते, विड्या वळते, मामा, म्हणजे तिचा नवरा, गेल्यापासून गप्प. दवाखान्यात मान खाली, "माझंच चुकलं ओ, लवकर आणलं नाही त्यांना". आणि घरी आलं की धाकट्याने सुपाला नुसता पाय लावला तर पत्ता, जर्दा सगळं भिरकावून त्याच्या पाठीत धपाटा. आणि मामाच्या फोटोलासुद्धा शिव्या घालते, मोठ्यानं, शेजारी ऐकतील एवढ्या. आता फ्रॉइडवाले म्हणतील, हा वरचा राग, खरा आत आहे. दिसला तरी बरोबर, नाही दिसला तरी बरोबर, मग चूक ठरायचं कधी? इथं माझं त्यांच्याशी जमत नाही.

गमावण्याचा मुद्दा मात्र टिकलाय. ब्राउन आणि हॅरिस या संशोधकांनी लंडनच्या कॅम्बरवेलमधल्या बायकांशी घरोघरी बोलून १९७८ मध्ये दाखवलं की डिप्रेशनच्या आधी बऱ्याचदा मोठं काहीतरी हातचं गेलेलं असतं, आणि लहानपणी, अकराच्या आत आई गेलेली असेल तर धोका जास्त.

माझ्या डिझर्टेशनला सगळे म्हणतायत बेकची २१ प्रश्नांची इन्व्हेंटरी, म्हणजे डिप्रेशन मोजायचा फॉर्म, वापर, विडी कामगार बायकांना भरायला दे, संपलं. त्यात अपराधीपणाचा प्रश्न आहे, चिडचिडीचापण आहे, पण चिडचिड निघते कुणावर ते त्यात कुठंय? आत्याने तो कागद दवाखान्यातल्यासारखाच मान खाली घालून भरला असता. म्हणून फॉर्मच्या जोडीला घरच्या एकाशी वेगळं बोलायचं असं ठरवतेय, सासू, मोठी पोरगी, कुणीही. पण त्या बाईला न सांगता बोलायचं नाही, आणि सांगून बोललं तर पोरगी आईविरुद्ध तोंड उघडेल का? सोमवारी सरांना हेच विचारते, एथिक्स कमिटीचा फॉर्म त्यांच्याकडेच आहे.